कातळावरचे बटाटे

मासेमारी करणाऱ्या खारव्याच्या घरात जन्म घेऊन बटाट्यावर जीव जडावा, ही चारचौघांत सांगण्यासारखी गोष्ट नव्हे. मुलगा दारू प्यायला लागला तर निदान चार वडीलधारी माणसं येऊन त्याची समजूत घालतात. बटाट्यापायी कुणी कुणाची समजूत घातल्याचं ऐकिवात नाही. बुरोंडीला भावांच्या होड्या, दारात जाळी वाळत घातलेली, आणि ताटात ताज्या सुरमईची तुकडी पडली की दाजी डोर्लेकर हळूच विचारणार, "बटाटा नाही काय?" सुक्या बोंबलाच्या कालवणातले बोंबील ताटाच्या कडेला लावून ते बटाटे तेवढे वेचून खात. त्यांची बायको गुणवंती लग्नाला इतकी वर्षं झाली तरी म्हणते, "ठरवताना सगळा सांगितलाव, ह्या तेवढा लपवलाव."

एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाल्यावर दाजी रत्नागिरीत, नाचणे भागातल्या एका कॉलनीत घर बांधून राहिले. नोकरीभर त्यांनी स्टँडवरच्या कर्ण्यातून गाड्या सोडल्या होत्या. आता सोडायला काही उरलं नव्हतं. अशा रिकाम्या दिवसांत गुणवंतीने पिशवीच्या तळाशी मोड आलेले बटाटे टाकून द्यायला काढले, आणि दाजींनी ते तिच्या हातातून घेऊन परसात, फणसाजवळच्या गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, कडेला पुरले. प्रकल्पाला सुरुवात झाली ती अशी. नारळ फुटला नाही की भाषण झालं नाही.

आता रत्नागिरीत घरामागची जमीन म्हणजे काय असते, हे इथल्या माणसाला सांगायला नको. वर बोटभर तांबडी माती आणि खाली जांभा. विहीर खणणाऱ्याचे हात सोलून निघतात, तिथे बटाट्याने काय करावं? पण दाजींना विचारायची सवय नव्हती. विचारायची गरजही नव्हती, कारण सल्ले आपोआप येत होते. शेजारचा नितेश विमा एजंट. तो आपल्या गच्चीवरून खाली वाकून म्हणाला, "दाजीकाका, चहाचा चोथा घाला. मी व्हिडिओ बघितलाय." समोरचे धाकूशेठ पिठाची गिरणी चालवतात. त्यांचं म्हणणं पडलं, की मासळी धुतलेल्या पाण्यासारखं दुसरं खत नाही. दाजींनी चोथा घातला. मासळीचं पाणी मात्र घातलं नाही. बटाट्याच्या मुळाशी मासळीचं पाणी ओतणं त्यांच्या मनाला पटेना. निदान त्याला तरी त्या वासातून मोकळं ठेवावं, असं त्यांना वाटलं.

आणि पावसाळा जरा स्थिरावतो आहे तोच गडग्यापाशी एक कोंभ वर आला. कोंभाचा वेल झाला. वेल फणसावर चढला. पिंपळाच्या पानासारखी मोठमोठी पानं, तीही तळहाताहून रुंद. दाजी रोज सकाळी चहाचा कप घेऊन वेलाखाली उभे राहत. त्यांनी आयुष्यात बटाट्याचं झाड पाहिलं नव्हतं, पण ते कुणाला सांगायची वेळ आली नव्हती. गणपती होऊन गेले आणि वेलाच्या पेरापेराला करड्या रंगाच्या गाठी धरायला लागल्या. हळूहळू त्या लिंबाएवढ्या झाल्या, मग त्याहून मोठ्या.

गुणवंती एकदा कपडे वाळत घालताना वर बघून म्हणाली, "अवो, बाजारात बायका टोपलीतनं करांदे आणतात नाय काय, तसा दिसता ह्या."

"लहानपणी सगळी मुलं सारखीच दिसतात," दाजी म्हणाले.

"बटाटा जमिनीत लागता ना?"

"जमिनीत जागा कुठे आहे? खाली जांभा. तो बिचारा वर गेला."

या उत्तरावर दाजी स्वतःच इतके खूश झाले, की त्यांनी ते नितेशला आणि धाकूशेठनाही ऐकवलं. परिस्थितीशी जुळवून घेणारा बटाटा ही कल्पना कॉलनीत दोन-तीन दिवस चांगली चालली.

इथवर सगळं ठीक होतं. आपल्या परसातल्या वेलाला माणूस काय वाटेल ते समजू शकतो, त्याने कुणाचं वाकडं होत नाही. पण दाजींनी ते फोनवर सांगितलं, आणि नेमकं सांगू नये त्या माणसाला सांगितलं.

दाजींची सून रुपाली लांज्याच्या आतल्या एका गावातली, शेतकऱ्याची मुलगी. लोट्याला एकाच कंपनीत, एकाच कंपनी-बसने जाता-येता तिचं आणि दाजींच्या निहारचं जमलं. तिचे वडील आप्पा मांडवकर माळकरी. मासळीच्या घरात लेक द्यायची त्यांच्या मनात नव्हती. लग्नाला आले, अक्षता टाकल्या आणि पंगत बसायच्या आधी "गुरं बांधायची हायत" म्हणून उठून गेले. त्यानंतर त्यांनी या घराचा उंबरा पाहिला नव्हता. रुपालीला आता रत्नागिरीत लॅबमध्ये नोकरी लागली होती, निहार शनिवारी लोट्याहून येई. दर रविवारी ती आईला फोन करायची आणि शेवटी विचारायची, "आप्पा काय करतायत?" तिकडून उत्तर यायचं, गोठ्यात आहेत. आप्पांनी एकदा या घरी यावं, पानावर बसावं आणि जेवावं, याहून तिला काही नको होतं. दाजींना ते दिसत होतं, आणि आपण मासळी खाणाऱ्यांतले असून मासळी खात नाही, ही गोष्ट व्याह्यांना कोण आणि कशी सांगणार, हे त्यांना कळत नव्हतं.

अशाच एका रविवारी रुपालीने "आई, बाबांशी बोल" म्हणून फोन दाजींच्या हातात दिला. तिकडे विहीणबाई गोदाने त्याच क्षणी फोन नवऱ्याच्या हातात दिला असावा. दाजींनी "हॅलो" म्हटलं आणि पलीकडून एक जाड, गंभीर खोकला आला. गोठा नव्हे, खुद्द आप्पा. दाजी गोंधळले. गोंधळले की त्यांचा आवाज स्टँडवरच्या कर्ण्यातला होतो.

"नमस्कार. आमच्या घरी बटाटे लागले आहेत."

"कुटं?"

"परसात. घरचे."

"कातळात बटाटा?"

"हो. चांगले वरपर्यंत लागलेत. फणसाच्या शेंड्यापर्यंत."

आता मात्र शांतता इतकी लांबली, की दाजींनी फोन कानावरून काढून बघितला. मग आप्पांचा आवाज आला. "शेंड्यापर्यंत. हां. बगाया यायला पायजे. एकादशीला येतो."

रुपालीने फोन हातात घेऊन छातीशी धरला आणि ती आत निघून गेली. गुणवंती म्हणाली, "माणूस समजूतदार हाय. चुलीवर मासळी नसेल तोच दिवस काढलान." आणि दाजींना वाटलं, उपासाचा दिवस म्हणजे बटाट्याचा दिवस. उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या आवडीला घरात काही किंमत आली होती.

आप्पांसारख्या जुन्या शेतकऱ्यापुढे नुसता शब्द चालायचा नाही, कागद हवा, असं दाजींनी ठरवलं. वेलावरचा एक बटाटा रुमालात गुंडाळून ते शेतीखात्याच्या एका कार्यालयात गेले. पहिल्या टेबलावरच्या माणसाने रुमालात न बघताच सांगितलं, "बटाटा आमच्याकडे नाही."

"तुमच्याकडे नाही, माझ्याकडे आहे. त्याची नोंद हवी."

"आंबा, काजू, नारळ, सुपारी, भात, नाचणी. यांतलं काही असेल तर बोला. बटाट्याची योजना नाही."

दुसऱ्या टेबलावर त्यांना विचारण्यात आलं, की नुकसान किती झालं. दाजी म्हणाले, नुकसान नाही, उत्पन्न झालंय. "मग अर्ज कशाला करताय?" असं त्या गृहस्थांनी इतक्या प्रामाणिकपणे विचारलं, की दाजींना क्षणभर आपलंच चुकलं असं वाटलं. तिसऱ्या टेबलावर दर्शना नावाच्या बाई होत्या. त्यांनी रुमाल सोडला, गाठ हातात फिरवली, नखाने साल खरवडली आणि दाजींकडे पाहिलं.

"काका, हे तुम्ही खाऊन बघितलंत?"

"छे, पाहुण्यांसाठी राखून ठेवलेत."

"आधी एक खाऊन बघा," बाई म्हणाल्या आणि रुमालाची गाठ त्यांनी स्वतः पुन्हा नीट बांधून दिली. हे आदराचं लक्षण आहे, असा दाजींनी अर्थ काढला.

एकादशीला थोडेच दिवस उरले असताना दाजींनी तो बटाटा उकडला, सोलला, वर मीठ-तिखट भुरभुरलं आणि डोळे मिटून अर्धा तोंडात टाकला. पुढे काय झालं याचं वर्णन दाजी करत नाहीत. गुणवंती करते. तिच्या म्हणण्याप्रमाणे ते आधी उभे राहिले, मग बसले, मग परसात जाऊन बराच वेळ चुळा भरत होते, आणि परत आले तेव्हा कुणी घरातलं गेल्यासारखे दिसत होते. तिने उरलेला तुकडा जिभेला लावला आणि थुंकला.

"करांदा हा. मी म्हटला नव्हता? आणि गोडा पण नाय. रानातला कडू. राखेच्या पाण्यात उकडून दिवसभर भिजवल्याशिवाय ह्या कोन तोंडात घालता?"

दाजींनी खुरपं घेऊन गडग्याची कड उकरली. पुरलेले बटाटे केव्हाच कुजून मातीला मिळाले होते. हा वेल रानातून कसा, कधी आला, देव जाणे. इतके महिने दाजी चहाचा कप हातात धरून एका परक्या कंदाचं कौतुक करत उभे होते. कॉलनीला सांगितलं, सरकारी कार्यालयात तीन टेबलांवर सांगितलं, व्याह्यांना सांगितलं. त्यांना एकाएकी आठवलं, की दर्शनाबाई रुमाल बांधताना ओठ दाबून होत्या. माणसाच्या कानशिलांना घाम फुटतो तशी लाज त्यांना फुटली.

"आप्पांना फोन करून खरा काय ता सांगा," गुणवंती म्हणाली.

ते सगळ्यांत सोपं होतं, आणि दाजी फोन उचलायला गेलेही होते. पण बाहेरच्या खोलीत रुपाली आप्पांसाठी आणलेली नवी चादर गादीवर घालून बघत होती. एकदा घातली, काढली, दुसऱ्या बाजूने घातली. बटाटा नाही म्हटल्यावर आप्पा येतील कशाला? दाजींनी फोन जागेवर ठेवला आणि तिथून पुढे त्यांचा पाय घसरला तो घसरलाच.

बेत साधा होता. वेल कापून टाकायचा. बटाटा काढायच्या आधी पाला कापतात, असं मोबाईलवर लिहिलेलं होतं. मग बाजारातून बटाटे आणून गडग्याच्या कडेला पुरायचे आणि आप्पांसमोर उकरून काढायचे. फणसाच्या शेंड्याचं काही विचारलंच तर ते फूल होतं म्हणून सांगायचं. एकादशीच्या आदल्या दिवशी दाजी बाजारातून सारख्या दिसणाऱ्या दोन कापडी पिशव्या भरून घेऊन आले. एकीत नुसते बटाटे, पुरायचे. दुसरीत उपासाच्या जेवणाचं सामान. रताळी, कोनफळ, सुरणाची मोठी फोड, अरवी, थोडे बटाटे. अरवी कशाला घेतली ते त्यांनाही माहीत नव्हतं. दिसायला बटाट्याच्या नात्यातली वाटली म्हणून घेतली. त्यांच्या भावांपैकी कुणीही डोळे झाकून नुसत्या वासावरून मासळी ओळखली असती. कंदमुळांच्या बाबतीत मात्र हे घराणं पिढ्यान्‌पिढ्या कोरं होतं.

दुपारी कॉलनी वामकुक्षीत असताना दाजी पिशवी घेऊन परसात उतरले. चष्मा घामाने घसरत होता, म्हणून काढून खिशात ठेवला. चर खणून झाला आणि वरून आवाज आला.

"दाजीकाका, काय लावताय?"

नितेश. हा माणूस दुपारी झोपत नाही हे दाजींना आजच कळलं.

"लावत नाही. काढतोय."

"मग खड्डा बुजवताय का?"

दाजींनी मान वर न करता पिशवी चरात उपडी केली, पायानेच माती लोटली आणि गुणवंतीने हाक मारल्यासारखं करून घरात निघून आले. संध्याकाळपर्यंत दाजी परसात काहीतरी पुरतात ही बातमी गिरणीपर्यंत पोचली होती. धाकूशेठनी येऊन अगदी हळू आवाजात विचारलं, की मांजर होतं का.

एकादशीला सकाळी निहार रजा काढून हजर होता. दाजी स्टँडवर जाऊन व्याह्यांना घेऊन आले. आप्पा शिडशिडीत, टोपी, गळ्यात माळ, काखेत छत्री. गोदाबाईंच्या हातात नव्या पोह्यांची पुरचुंडी. रुपाली दारातच वाकली, आणि वाकल्यावर तिला लवकर उठता येईना. आप्पांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि दुसरीकडे बघितलं. उंबरा ओलांडला. दाजींना सुटकेचा निःश्वास सोडायचा होता, पण परसाची आठवण होऊन तो मध्येच अडकला.

गुणवंतीने चहा पुढे केला. आप्पांनी हात जोडले.

"विहीणबाय, रागावू नका. एकादशी माजी निर्जळ असते. पाणी पण नाय. बटाटं बगतो आन चारच्या गाडीनं जातो."

स्वयंपाकघरात बटाट्याची भाजी होती, बटाट्याचा कीस होता, राजगिऱ्यात बटाटा घालून केलेली थालीपीठं होती, बटाट्याचा शिरासुद्धा होता. गुणवंतीला पिशवीत दुसरं काहीच मिळालं नव्हतं. आपल्या नवऱ्याने उपासाला नुसते बटाटेच आणलेत यात तिला इतकं काही नवल वाटलं नाही, की विचारावं. ते सगळं झाकून ठेवलेलं, आणि ज्याच्यासाठी केलं तो माणूस पाणीही न पिता जायला निघालेला. रुपाली हातातला पेला परत आत घेऊन गेली. तिच्या तोंडाकडे बघायचं धाडस निहारलाही झालं नाही.

आता उरले ते मातीतले बटाटे. ते तरी चांगले निघावेत, एवढीच दाजींची देवाकडे मागणी होती. परसात गेले तर गडग्यापलीकडे नितेश, धाकूशेठ आणि त्यांच्यामागे आणखी काही मंडळी उभी. आप्पांनी चपला काढून बाजूला ठेवल्या, मातीला हात लावून कपाळाला लावला आणि उकिडवे बसले. बसण्याआधी त्यांनी एकदा फणसाकडे वर पाहिलं. शेंड्याजवळ, दाजींचा हात न पोचलेल्या फांदीला, वेलाचा तुकडा आणि त्यावर करांद्यांची जोडी लोंबत होती. दाजींच्या नव्याकोऱ्या खुरप्याची चिकटपट्टी त्यांनी नखाने काढली आणि उकरायला सुरुवात केली.

पहिलं बाहेर आलं ते रताळं.

दाजींनी खिशातला चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. ते रताळंच होतं. आप्पांनी ते बाजूला ठेवलं. मग मूठभर अरवी निघाली. मग कोनफळ. गडग्यापलीकडे कुणीतरी घसा साफ केला. मग आप्पांनी खुरपं ठेवून दोन्ही हातांनी माती सारली आणि सुरणाची फोड बाहेर काढली. एका बाजूने सालीची, दुसऱ्या बाजूने बाजारातल्या सुरीने सरळ रेषेत कापलेली. ती त्यांनी हातात धरून उलटसुलट केली, कापलेल्या बाजूवरची माती अंगठ्याने पुसली.

"दाजीकाका," नितेश म्हणाला, "हे कापून कसं उगवलं?"

कुणी हसलं नसतं तर बरं झालं असतं, पण हसले. धाकूशेठ तर गडग्याला धरून हसले. दाजींनी बोलायला तोंड उघडलं. ज्या आवाजाने आयुष्यभर दापोली, खेड, चिपळूण गर्दीवरून ऐकवलं, तो आवाज आला नाही. नुसती हवा आली. मागच्या दारात रुपाली उभी होती आणि तिच्याकडे न बघताही दाजींना ती दिसत होती. आता आप्पा उठतील, चपला घालतील, लग्नात गेले तसे जातील, आणि या वेळी ते आपल्यामुळे जातील, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. आपला अपमान झाला याचं त्यांना वाईट वाटत नव्हतं. लाज वाटत होती ती सुनेपुढे.

ते आप्पांसमोर मातीत खाली बसले.

"आप्पा, बटाटे झालेच नाहीत. करांदा होता, कडू. मला कळलं नाही, आणि कळल्यावर सांगायला तोंड नव्हतं. काल बाजारातून आणून पुरले. त्यातही पिशवी चुकली. ते बटाटे आत शिजलेत. तुम्ही यावं म्हणून केलं. रुपालीला यातलं काही माहीत नाही. तिच्यावर राग ठेवू नका."

आप्पांनी आधी गडग्याकडे मान वळवली. "मंडळी, ह्या घरचा काम हाय. तुमी जा आता." ते हळूच बोलले, पण मंडळी गेली. नितेश सगळ्यात शेवटी गेला.

"फणसाच्या शेंड्याला लागलेत म्हटलात तवाच माला कळला," आप्पा म्हणाले. "शेंड्याला करांदा लागतो. पोर पण सांगेल."

दाजींनी विचारलं, "मग आलात कशाला?"

आप्पा सुरणाची फोड हातात फिरवत राहिले.

"लग्नात पंगतीआधी उठून गेलो. पोरीनं बघितला माला जाताना. तवापासनं यायचा व्हता. पण काय सांगून येनार? तुमी बटाटा म्हटलात, माला बरा वाटला. बटाटा बगाया जातो असा सांगून निघता आला गावातनं. पन आल्यावर जेवाया बसवतील. म्हनून एकादशी धरली. बगायचा, आन उपास सांगून चारला सुटायचा. तुमी माला जेवू घालाया ही माती उकरलीत. मी न जेवता कसा सुटंन त्याचा बेत करून आलो. आता लाजायचा कुनी, सांगा."

दोघं म्हातारे तांबड्या मातीत समोरासमोर बसून राहिले, मध्ये रताळं, कोनफळ आणि अरवी. मागच्या दारात रुपालीने तोंडावर पदर घेतला होता आणि गोदाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या.

आप्पा उठले. सुरण त्यांनी झटकून रुपालीच्या हातात दिलं. "उद्याला ठेव. आमसूल घाल भरपूर, न्हायतर घशाला खाजतो." मग गोदाबाईंना म्हणाले, "शेजारच्या रामाला फोन लाव. गुरांकडं बघ म्हनावं. मी बारस हितंच सोडतो."

माळकरी माणूस एकादशीचा उपास दुसऱ्या दिवशी, द्वादशीला जिथे सोडतो ते घर परकं राहत नाही, हे गुणवंतीला कुणी सांगायला नको होतं. ती तशीच स्वयंपाकघरात गेली. फ्रीजमधली कोळंबी तिने निहारच्या हाती देऊन गिरणीत धाडून दिली. धाकूशेठना ती लाभली, जरी ते गडग्याला धरून हसले होते. तवे, पातेली, विळी, सगळं राखेने घासलं. मग पुन्हा घासलं. ती आणि गोदाबाई मिळून ओटा धूत राहिल्या. रुपाली मध्ये मध्ये येऊन उगाच डबे हलवत होती. दाजी परसात जाऊन उरलेली कंदमुळं उकरत बसले. घरात बसलं की सगळे त्यांच्याशी चांगलं वागत होते, आणि ते त्यांना सोसवत नव्हतं.

द्वादशीला सकाळी आप्पांची आंघोळ-पूजा झाली. पाट मांडला, पान मांडलं. गुणवंतीने रताळं, कोनफळ, सुरण, अरवी आणि बटाटा, पाचही एकत्र घालून भाजी केली होती. अशी भाजी तिने जन्मात केली नव्हती. आप्पा पाटावर बसले आणि हात पाण्यापाशी नेऊन थांबले.

"दाजी कुटं हायत?"

दाजी दाराआड होते. काल दुपारपासून त्यांनी मान वर केली नव्हती.

"मी मागून बसतो," ते म्हणाले.

"एकटा जेवायचा असता तर घरीच जेवलो असतो. पाट घ्या."

निहारने शेजारी दुसरा पाट टाकला. दाजी बसले. रुपाली वाढायला आली. भात पानाबाहेर सांडला, आणि आप्पांनी तो बोटांनी गोळा करून पानात घेतला. गुणवंती आणि गोदाबाई दारात एकमेकींना खेटून उभ्या होत्या. आप्पांनी चित्राहुती घातल्या, भाजी-भात कालवला आणि घास तोंडात घातला. दाजींनीही मान खाली घालून घास घेतला.

गुणवंती भाजीत मीठ घालायला विसरली होती.

आप्पांनी घास गिळला. "रुपाली, भाजी वाढ," ते म्हणाले. मग दाजींनीही पान पुढे सरकवलं, आणि दोघांपैकी कुणीही मीठ मागितलं नाही.